स्टेंट टाकायचा की नाही, हे बाबांना कुणी विचारलं?

ताई, नमस्कार.

माझे बाबा ६७ वर्षांचे आहेत. कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरच्या देखभालीवर होते, रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. दर वर्षी त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकच्या गडावर पायऱ्यांनीच चढून जातात. यंदा अर्ध्यावर छाती भरून आली म्हणून बसले. दहा मिनिटांनी बरं वाटलं, वर गेले, दर्शन घेतलं आणि घरी येऊन कोणाला काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात घराचा जिना चढतानाही तसंच व्हायला लागलं. आम्ही तिसऱ्या माळ्यावर राहतो, लिफ्ट नाही. ट्रेडमिल टेस्ट पॉझिटिव्ह आली. अँजिओग्राफीत दोन नळ्यांत ब्लॉकेज निघाले, एकीत ८० टक्के, दुसरीत ७०. डाव्या बाजूची मुख्य नळी साफ आहे, हृदयाचं पंपिंग ५५ टक्के आहे, शुगर नाही. बाबा टेबलवर असतानाच डॉक्टरांनी मला आत बोलावलं, स्क्रीन दाखवली आणि म्हणाले, दोन स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणाऱ्या जाळ्या, आत्ताच टाकून घ्या. मी घाबरून 'थोडा वेळ द्या' म्हणाले. त्यांना ते आवडलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी सीडी पाहून सांगितलं, आधी तीन महिने गोळ्या घेऊन बघू, घाई नाही.

पुण्याचा भाऊ म्हणतो, पॉलिसी आहे, कॅशलेस होऊन राहिलं, मग थांबायचं कशाला? आत्या म्हणते अर्जुनाचा काढा सुरू करा. आई रडते. बाबा टेन्शन घेतील म्हणून त्यांना आम्ही गॅसेसचा त्रास आहे असं सांगितलंय. बाबांचा तंबाखूचा खर्रा अजून चालूच आहे. दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात, तर खरं कोण बोलून राहिलं? आम्ही कोणाचं ऐकावं?

एक लेक, मानेवाडा, नागपूर

ता. क. तीन वर्षांपूर्वी बाबांना अल्सरमधून रक्तस्राव झाला होता, दोन बाटल्या रक्त द्यावं लागलं होतं. आता ठीक आहे.

*

आधी तातडीचं सांगते. बाबांची छाती बसल्याजागी किंवा झोपेत दुखली, थांबूनही दुखणं गेलं नाही, दरदरून घाम आला, कळ हातात किंवा जबड्यात उतरली, तर दोन्ही डॉक्टरांची मतं आणि माझं हे उत्तर बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. तो हार्ट अटॅक असू शकतो. त्यात नळी अचानक बंद पडलेली असते, हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो आणि अँजिओप्लास्टीनं, म्हणजे फुग्यानं नळी उघडून स्टेंट टाकण्यानं, जीव वाचतो. रुग्ण दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत नळी उघडली पाहिजे, असा डॉक्टरांचा दंडकच आहे. तिथे 'थोडा वेळ द्या' म्हणायचं नसतं. तुम्ही बाबांना गॅस सांगून ठेवलाय, त्यात मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. रात्री दोनला छाती दुखली तर ते सोडा पितील आणि कुशीवर वळून झोपतील.

आता तुमचा प्रश्न. मी डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून २६ वर्षं नोकरी केली, डॉक्टर आणि नातेवाईक यांच्या मधल्या टेबलावर. त्या टेबलावरून जे दिसलं, त्यातून लिहिते.

तुमच्या पत्रावरून बाबांचं दुखणं चढलं की येणारं आणि बसलं की जाणारं दिसतं. याला स्टेबल अँजायना म्हणतात. पण एका जागी मी अडले. रामटेकच्या पायऱ्यांवर आलेलं दुखणं महिनाभरात घरच्या जिन्यावर आलं. म्हणजे ते वाढत चाललंय का? की बाबा आधीपासूनच दुसऱ्या माळ्यावर कठड्याला धरून थांबत होते, फक्त कोणाला सांगत नव्हते? नव्यानं सुरू झालेलं आणि दिवसेंदिवस कमी श्रमावर येऊ लागलेलं दुखणं असेल, तर त्याला कोणताही डॉक्टर स्टेबल म्हणणार नाही आणि मग तीन महिने थांबायचा विचारही वेगळ्या तऱ्हेनं करावा लागेल. कदाचित पहिल्या डॉक्टरांनी ते वाढतं दुखणं धरलं असेल आणि दुसऱ्यांनी जुनं. हे एकट्या बाबांनाच माहीत आहे. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर ज्या माणसापाशी आहे, त्याला आपण गॅसची गोळी देऊन बसवून ठेवलंय.

समजा दुखणं स्टेबलच आहे. मग दोन्ही डॉक्टर खरं बोलतायत, असं होऊ शकतं. ही गोष्ट मलाही नोकरीत फार उशिरा कळली. काही आजारांत रस्ता एकच असतो. अपेंडिक्स फुटलं, अटॅक आला, डाव्या मुख्य नळीतच मोठा अडथळा निघाला, तर तिथे चर्चेला फारसा वाव नसतो. पण पुष्कळ आजारांत शास्त्रापाशीच दोन रस्ते असतात, दोन्ही बरोबर, दोन्हींचा फायदा वेगळा आणि किंमतही वेगळी. तिथे 'सगळ्यात चांगला उपचार कोणता' याला उत्तर नसतं. 'या माणसाला कोणता' याला असतं. आणि 'हा माणूस' रिपोर्टमध्ये नसतो.

मुख्य नळी साफ, पंपिंग चांगलं, दुखणं स्टेबल, हा असाच दोन रस्त्यांचा आजार आहे. यावर मोठे अभ्यास झालेत. २००७ साली करेज नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले, त्यात २,२८७ रुग्ण होते. पुढे २०२० मध्ये इस्केमिया हा त्याहून मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ५,१७९ रुग्ण, ३७ देश, त्यात आपला देशही होता. निम्म्यांना चांगली औषधं दिली, निम्म्यांना तीच औषधं आणि शिवाय अँजिओप्लास्टी किंवा बायपास. तीन-चार वर्षांनंतर पाहिलं तर मृत्यू आणि हार्ट अटॅक यांत दोन्ही गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. फरक होता तो दुखण्यात. ज्यांची छाती वारंवार दुखायची, त्यांना स्टेंट किंवा बायपासनंतर जास्त आराम पडला.

दुसरी बाजूही तेवढीच सांगायला हवी. करेज अभ्यासात नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना पुढच्या काही वर्षांत स्टेंट किंवा बायपास करावाच लागला. म्हणजे गोळ्यांचा रस्ता धरला की स्टेंट कायमचा टळला, असं नाही. आणि मुख्य नळीत मोठा अडथळा असलेले, पंपिंग फार कमी असलेले, नुकताच अटॅक येऊन गेलेले रुग्ण इस्केमियात घेतलेच नव्हते. तेव्हा शेजारच्या काकांना अटॅकनंतर स्टेंट टाकला आणि ते वाचले, हे खरं असलं तरी बाबांना लागू नाही. शेजारच्या दुसऱ्या काकांनी गोळ्यांवर वीस वर्षं काढली, हेही बाबांना लागू नाही.

८० टक्के बंद झालेली नळी उघडल्यावर अटॅक टळायलाच हवा, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. बाबा बॉयलरवर होते, नळीच्या आत थर बसला की काय होतं हे ते तुम्हाआम्हाला शिकवतील. पण बॉयलरची नळी लोखंडाची असते, थर हळूहळू वाढतो आणि एक दिवस नळी चोंदते. हृदयाची नळी जिवंत असते. तिच्या भिंतीत चरबीचे साठे असतात, त्यातला एखादा अचानक फुटतो, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि नळी बंद होते. फुटणारा साठा सगळ्यात मोठ्या अडथळ्याचाच असेल असं नाही, पुष्कळदा तो ३०-४० टक्क्यांचा, अँजिओग्राफीत कोणी बोटही न ठेवलेला असतो. स्टेंट एका जागेपुरतं काम करतो. कोलेस्टेरॉलची गोळी, ॲस्पिरिन, आटोक्यातलं ब्लडप्रेशर आणि खर्रा सोडणं, हे सगळ्या नळ्यांवर काम करतं. म्हणून स्टेंट टाकला तरी गोळ्या सुटत नाहीत.

तेव्हा पहिल्या डॉक्टरांना विचारायचा प्रश्न 'स्टेंट टाकायचा का' हा नाही. 'बाबांच्या बाबतीत स्टेंटनं आयुष्य वाढेल की दुखणं कमी होईल?' हे विचारा. आयुष्य वाढेल म्हणाले तर 'रिपोर्टमधल्या कोणत्या गोष्टीवरून?' असं नम्रपणे विचारा. त्यांना असं काही दिसलं असेल जे दुसऱ्यांना सीडीत दिसलं नाही. एखाद्या नळीचा अडथळा अगदी तोंडाशी असतो, ट्रेडमिलवर फार लवकर बदल आलेले असतात. असं असेल तर त्यांचा आग्रह समजण्यासारखा आहे आणि मग मी त्यांच्या बाजूनं. दुसऱ्या डॉक्टरांना हे विचारा: 'तीन महिने थांबलो आणि बिघडलं, तर काय बिघडेल? शंभर माणसांतल्या किती जणांचं बिघडतं?' टक्केवारी आणि 'थोडी रिस्क' हे शब्द घरी येईपर्यंत विरून जातात. शंभरातली चार माणसं डोळ्यांसमोर उभी राहतात.

तिसऱ्या डॉक्टरकडे जायचं का, हा तुमचा न विचारलेला प्रश्नही मला दिसतोय. जायला हरकत नाही. मेडिकल कॉलेजजवळच्या सुपर स्पेशालिटीत किंवा मिहानमधल्या एम्समध्ये हृदयरोगतज्ज्ञ आहेत, तिथे नंबर लावा. पण दोन विरुद्ध एक असं मतदान घ्यायला जाऊ नका. सीडी, ट्रेडमिलचा कागद, इको, रक्ताचे रिपोर्ट, सगळं घेऊन जा. पहिल्या रुग्णालयानं कागद द्यायला टाळाटाळ केली, तर लेखी अर्ज द्या. अर्ज दिल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यायची, असं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतच आहे.

तुम्ही टेबलवर 'थोडा वेळ द्या' म्हणालात, त्याची टोचणी पत्रात दिसते. ती काढून टाका. बाबांची छाती त्या क्षणी दुखत नव्हती, अटॅक नव्हता. मनगटात तार, अंगावर हिरवी चादर, एका काचेपलीकडे बाप आणि अलीकडे घामेजलेली लेक, हातात सहीचा कागद. ही जागा निर्णय घ्यायची नाही. अँजिओग्राफी आणि स्टेंट एकाच वेळी करून टाकण्यात सोय आहे, हातात दुसऱ्यांदा तार घालावी लागत नाही, खर्च वाचतो, हे खरं. पण त्या सोयीबद्दल आधी, खुर्चीत बसून, बाबांशी बोलायला हवं होतं.

सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली समीरा कोहली खटल्यात जवळजवळ हीच गोष्ट सांगितली आहे. दिल्लीत एका बाईनं पोटात दुर्बीण घालून तपासणी करायला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांना आजार दिसला, बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि गर्भाशय काढलं. न्यायालयानं म्हटलं की तपासणीची संमती ही उपचाराची संमती होत नाही, आणि जीव लगेच धोक्यात नसताना, सज्ञान रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबणं शक्य असताना, आईची संमती चालत नाही. काय करणार, कशासाठी, फायदा काय, धोके कोणते, दुसरा मार्ग कोणता आणि काहीच केलं नाही तर काय होईल, हे रुग्णाला कळेल असं सांगावं लागतं. रुग्णाला. त्या दिवशी तुमची सही घेतली असती तर तीही तशीच सही झाली असती.

आता माझ्या घरचं. बारा वर्षांपूर्वी आई ७१ ची होती. दोन्ही गुडघे वाकले होते, रात्री उठून तेल चोळत बसायची. आम्ही तिघा भावंडांनी डॉक्टर शोधला, पैसे जमवले, तारीख घेतली. डॉक्टरांनी आईला विचारलं, "आजी, दुखणं घालवायचं ना?" आई म्हणाली, "हो बापा." गुडघे बदलले. ऑपरेशन उत्तम झालं, तीन महिन्यांत काठी सुटली. मग वैशाख आला. आईनं अंगणात चूल पेटवली, मातीचं मडकं उपडं घातलं, लांब रोटीची सैल कणीक आपटून आपटून तार येईपर्यंत तयार केली. आणि पाट मांडून तशीच उभी राहिली. नव्या गुडघ्यांवर जमिनीवर बसू नये, मांडी घालू नये, हे डिस्चार्जच्या कागदावर छापलेलं होतं. ऑपरेशनच्या आधी आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आम्ही विचारलं नव्हतं, आणि मी तर रुग्णालयातच नोकरी करत होते.

कोपरापर्यंतच्या हातांवर कणीक लोंबवत ती मडक्यावर टाकायची, तेव्हा गल्लीतल्या पोरी बघायला यायच्या. त्या दिवशी ती खुर्चीत बसून वहिनीला सांगत राहिली आणि रोटी फाटत राहिली. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "सांगतलं असतं तं अजून दोन वर्सं कळ काढली असती मी."

कदाचित सगळं समजूनही तिनं ऑपरेशनलाच हो म्हटलं असतं. रात्रीचं तेल चोळणं काही खोटं नव्हतं. पण ते तिनं म्हणायचं होतं, पाट आणि काठी यांतलं काय सोडायचं हे तिनं तोलायचं होतं. तिच्या वतीनं आम्ही तोललं, आणि आमच्या तराजूत पाट नव्हताच.

म्हणून बाबांना सांगा. ते खचतील, ही तुमची भीती मला ठाऊक आहे. माझ्या टेबलाशी रोज कोणी ना कोणी यायचं, "मॅडम, बुढ्याले सांगू नोका." एकदा असाच एक मुलगा उमरेडकडचा, सांगून गेला. अर्ध्या तासानं त्याचा बाप आला. धोतराच्या सोग्यात केसपेपर चौपदरी घडी करून ठेवलेला. कोणातरी वॉर्डबॉयकडून वाचून घेतला होता. खाली मान घालून म्हणाला, "माह्या पोराले सांगू नोका मले समजलं म्हून. तो घाबरते." दोघं एकाच खाटेशी आठ दिवस होते, एकमेकांना सांभाळत, आणि दोघंही एकटे. तुमच्या बाबांना अँजिओग्राफीनंतर गॅस निघाला यावर खरंच विश्वास बसला असेल, असं मला वाटत नाही. तीस-पस्तीस वर्षं प्लांटवर काढलेला माणूस आहे. बिघाडाचा संशय आल्याशिवाय कोणी नळीत तार घालत नाही, हे त्याला कळतं.

आणि दुसरं असं की गोळ्यांचा रस्ता बाबांच्या नकळत चालणारच नाही. स्टेंट तुम्ही सही करून टाकून घेऊ शकाल, पण रोज चार-पाच गोळ्या जन्मभर कोण घेईल, गॅससाठी? खर्रा कोण सोडेल? दुखलं की लगेच बसायचं आणि जिभेखाली कोणती गोळी ठेवायची, हे ज्याला शिकवायचं त्यालाच आजार माहीत नाही. खर्रा पन्नीत घोटून देणारा टपरीवाला बाबांचा मित्र असेल, त्याला 'उद्यापासून नको' हे बाबाच सांगू शकतात. डॉक्टर सांगून उपयोग नाही, तुम्ही ओरडून तर मुळीच नाही. यात कोणी मागे असेल तर बरं पडतं, सरकारी रुग्णालयात तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशन मिळतं, विचारा.

सकाळच्या चहानंतर सांगा, दिवेलागणीला नको. तुम्ही आणि आई, एवढ्याच. आत्या नको, फोनवर भाऊ नको. "बाबा, तो गॅस नाही. हृदयाच्या दोन नळ्यांत थर बसलाय. आम्ही लपवलं, चुकलं आमचं." ते चिडतील. चिडू द्या. मग विचारा की दुखणं खरं कधी सुरू झालं, आणि पुढच्या त्रिपुरीला गडावर पायऱ्यांनीच जायचंय की गाडीनं वर जाऊन दर्शन घेतलं तरी मन भरेल. हा प्रश्न तुम्हाला किरकोळ वाटेल, पण हृदयरोगतज्ज्ञाला तो फार उपयोगाचा आहे. बाबा म्हणाले, "पायऱ्या नाही चढलो तर ते रामटेक कसलं", आणि पूर्ण औषधं घेऊनही तीन महिन्यांनी छाती अडवत राहिली, तर स्टेंटला ते अगदी योग्य कारण आहे. ते म्हणाले, "देवाले काय, गाडीनं आलो तरी देवच", तर कदाचित गोळ्यांवरच त्यांचं छान चालेल. आणि "मला काही समजत नाही, तुम्हीच ठरवा पोरांनो" म्हणाले, तर तेही मान्य करा. निर्णय दुसऱ्यावर सोपवणं हाही माणसाचा स्वतःचा निर्णय असतो. फक्त तो विचारल्यानंतरचा असावा.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तुम्ही ता. क. मध्ये टाकलीत. अल्सर. दोन बाटल्या रक्त. हे दोन्ही डॉक्टरांना माहीत आहे का? स्टेंट टाकल्यावर ॲस्पिरिनबरोबर रक्त पातळ ठेवणारी आणखी एक गोळी द्यावी लागते, बाबांसारख्या रुग्णाला साधारण सहा महिने. ती मध्येच बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन अटॅक येऊ शकतो, आणि चालू ठेवली तर ज्याच्या अल्सरमधून एकदा रक्त गेलंय त्याला पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. असे रुग्ण असतात, डॉक्टरांपाशी त्यावर उपाय आहेत: दुसऱ्या गोळीचा काळ कमी करता येतो, पोटाला जपणारी गोळी जोडता येते, अल्सरच्या जंतूची तपासणी करून त्याचा आधी नायनाट करता येतो. गोळ्यांच्या रस्त्यातही ॲस्पिरिन आहेच, तेव्हा तिथेही हे सांगायला हवं. पण सांगितलं तर. डॉक्टरांना नळ्यांची सगळी माहिती असते. बाबांच्या पोटाची, जिन्याची आणि खर्र्याची माहिती तुमच्याकडून जायची असते. दोघांच्या माहितीची बेरीज झाल्याशिवाय योग्य उपचार ठरतच नाही.

भावाला सांगा की कॅशलेस मंजूर झालं म्हणजे विमा कंपनी पैसे भरायला तयार आहे. गरज आहे की नाही, ते त्या मंजुरीत लिहिलेलं नसतं. पॉलिसी तीन महिन्यांनीही तीच राहील, फक्त नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. स्टेंट टाकायचाच ठरला तर एक माहीत असू द्या: फेब्रुवारी २०१७ पासून केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली. तेव्हा औषधाचा लेप असलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये ठरले होते, पुढे आकडे थोडेफार बदलत गेले. बिलात स्टेंटचं नाव आणि किंमत वेगळी लिहून मागा.

आत्यांच्या काढ्यानं ब्लॉकेज विरघळत नाही. आत्यांना दुखवू नका, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा सुरू करू नका, आणि त्याच्या भरवशावर एकही गोळी बंद करू नका.

माझं मत विचाराल तर: दुखणं वाढतं नसेल आणि पहिल्या डॉक्टरांनी वेगळं काही दाखवलं नाही, तर माझ्या वडिलांसाठी मी आधी गोळ्यांना कौल दिला असता. गोळ्यांवरून स्टेंटकडे केव्हाही जाता येतं, टाकलेला स्टेंट काढता येत नाही, आणि बाबांच्या पोटाचा इतिहास मला धीर धरायला सांगतो. पण माझे वडील रामटेकला पायऱ्यांनी जात नव्हते. तुम्ही रात्री जागून 'उद्या काही झालं तर' असा विचार करत असाल. काही झालं तर ते दोन्ही रस्त्यांवर होऊ शकतं. बाबांनी समजून उमजून घेतलेल्या निर्णयाचा भार तुम्हाला पेलवेल, लपवून घेतलेल्याचा नाही पेलवणार. माझ्या आईला जाऊन पाच वर्षं झाली, तो पाट माझ्याकडे आहे.

डॉक्टरांची वेळ घेताना फोनवरच सांगा की तपासणीसाठी येत नाही, निर्णयाबद्दल बोलायला येतोय, थोडा जास्त वेळ लागेल. ओपीडीत बाहेर साठ माणसं बसलेली असताना दहा मिनिटांत कोणताही भला डॉक्टर हे बोलू शकत नाही. वेगळी फी मागितली तर आनंदानं द्या. सातजण जाऊ नका, डॉक्टर सात चेहऱ्यांकडे बघून सावध बोलतात. प्रश्न कागदावर लिहून न्या, वर 'अल्सर, रक्तस्राव' हे मोठ्या अक्षरात. अल्सरच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड शोधून फाइलमध्ये लावा. आणि डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत बाबांना बसवा. तुम्ही शेजारी बसा, कागद घेऊन. डॉक्टर सवयीनं तुमच्याकडे बघून बोलायला लागले, की तुम्ही बाबांकडे बघा.